आमच्या घराण्यातला एकमेव मालक

ब्युनोस आयर्समध्ये भाड्यानं घर हवं असेल तर पगाराच्या पावत्या लागतात, अनामत लागते, आणि राजधानीच्या हद्दीत स्वतःचं घर असलेला एक जवळचा नातेवाईक लागतो, जो तुम्हाला जामीन राहील. पावत्या आणि अनामत काय, कोणीही गाढव जमवतो. नातेवाईक मात्र जन्मतःच असावा लागतो. हद्दीच्या रस्त्यापलीकडे तुमच्या बापाचा बंगला असू दे, अंगणात लिंबाची झाडं असू देत, दलाल तो कागद बोटाच्या टोकानं बाजूला सारतो. रस्त्याच्या अलीकडे दोन खोल्या आणि गळका नळ असला की तुम्ही माणसात जमा. हा नियम कोणी केला ते ठाऊक नाही. पण ज्या शहरात लाल दिव्याला कोणी थांबत नाही, त्या शहरात हा नियम मात्र कोणी मोडत नाही.

आमच्या बोनफांती घराण्यात रस्त्याच्या अलीकडे घर असलेला माणूस एकच, तो म्हणजे मी. एव्हारिस्तो बोनफांती, वय एकाहत्तर, लग्न केलं नाही. बोएदो भागात चौथ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक बाल्कनी, जिच्यात खुर्ची ठेवली तर माणूस मावत नाही. बाकीचे सगळे हद्दीपलीकडे राहतात किंवा दुसऱ्याच्या घरात राहतात. त्यामुळे गेली तीस वर्षं दर रविवारी माझ्याकडे दरबार भरतो. बहीण हायदे दोन बस बदलून किल्मेसहून येते आणि रॅव्हिओलीचं पातेलं मांडीवर घेऊन येते; सारण भरलेल्या पिठाच्या चकत्या त्या. बाकीचे बेकरीतून दोरीनं बांधलेला गोड पावांचा पुडा आणतात, आणि तो टेबलावर अशा ठिकाणी ठेवतात की तो कोणी आणला ते मला दिसावं. माझ्या गुडघ्याची चौकशी होते. मी केलेल्या विनोदांना हसतात, न केलेल्यांनाही हसतात. मग कॉफी ओतली जात असताना कोणीतरी घसा खाकरतो आणि सांगतो की, काका, एक जागा बघितली आहे.

मी कधीच लगेच नाही म्हणत नाही. लगेच नाही म्हणणारा कंजूष ठरतो. मी विचारपूस करतो, पुढच्या रविवारी ये म्हणतो, आणि मग सगळ्यांसमोर निकाल देतो. एकाला नाकारलं, कारण तो घरातसुद्धा काळा चष्मा लावून बसला होता. एका जोडप्याला नाकारलं, कारण ती दोघं एकमेकांना पिल्लू म्हणत होती आणि अशी जोडपी वर्षभरात भांडीकुंडी वाटून घेतात. त्यांनी सहा महिन्यांतच घेतली, तेव्हा माझ्या शब्दाला आणखी वजन आलं. आजवर सात जण आले आणि सातही जणांना मी परत पाठवलं.

त्यातला एक माझ्या दिवंगत भावाचा मुलगा, फाब्रिसियो. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याचं लग्न ठरलं होतं, पार्के पात्रिसिओसमध्ये एक खोली बघून ठेवली होती. इंजिनियरिंग त्यानं दुसऱ्या वर्षात सोडलेलं. मी रॅव्हिओलीचा काटा खाली ठेवून म्हणालो, "अर्धवट सोडणाऱ्या माणसासाठी मी सही करत नाही." त्याची होणारी बायको शेजारीच बसली होती. लग्नानंतर ती दोघं तिच्या आईच्या घरात, शिवणयंत्राच्या खोलीत राहिली. आणि पुढच्या रविवारी तो पुन्हा आला, पुडा घेऊन. तो आला म्हणून तर मला त्याची जास्तच कीव वाटली. थोडाफार आब असलेला माणूस आला नसता.

आता त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नाही ते सांगतो. माझं घर माझ्या नावावर नाही.

माझ्याकडे साठेखत आहे. बिल्डरला शेवटचा पैसा चुकता केल्याची पावतीही आहे. खरेदीखत मात्र झालेलं नाही. आणि हे दुसऱ्या कोणाचं नाही, माझं झालंय, ज्यानं चोवीस वर्षं एका नोटरीच्या कचेरीत कारकुनी केली, ज्याच्या हाताखालून लोकांची हजारो खरेदीखतं गेली. आमचे साहेब डॉक्टर व्हिल्याफान्ये (इथं नोटरीलाही डॉक्टर म्हणतात) यांचं काम इतकंच, की मी लिहिलेला कागद मोठ्यानं वाचायचा, सोनेरी टोपणाचं पेन उघडायचं, सही करायची आणि घराच्या किमतीचा एक लचका तोडायचा. माझे हप्ते फिटले तेव्हा ते भर कचेरीत, टायपिस्ट बायकांसमोर म्हणाले की बोनफांतीचं मी अर्ध्या फीमध्ये करून देतो. भिकाऱ्याच्या वाटीत नाणं टाकावं तसं. मी म्हणालो, तुमच्या पेनापेक्षा माझ्या लग्नाला जास्त घाई आहे. सगळे हसले, आणि मी त्या वाक्यावर पुढची दोन-तीन वर्षं खूश राहिलो. दुसऱ्या नोटरीकडे जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ असं करत राहिलो. मग ते साल आलं ज्यात बँकांनी शटरं ओढली आणि अर्धं शहर पातेली बडवत रस्त्यावर उतरलं. बिल्डरची कंपनी त्यातच बुडाली. तो स्वतः पॅराग्वेत मुलाकडे गेला आणि तिथंच वारला. सरकारदफ्तरी माझ्या घराची मालक अजूनही ती मेलेली कंपनी आहे.

मला कोणी घराबाहेर काढायला आलेलं नाही. पण जामिनासाठी दलाल दफ्तरातून उतारा काढतो, आणि त्या उताऱ्यावर माझं नाव नाही. मी कोणासाठीही सही करू शकलो नसतो. म्हणून निकाल. माणसात खोट काढली की घरातली खोट कोणी बघत नाही.

आयेलेन, हायदेची मुलगी, या रविवारच्या भानगडीत कधी पडली नाही. ती सरकारी इस्पितळात परिचारिका आहे आणि रविवारी तिची पाळी असते. ती एका मंगळवारी दुपारी आली, हात हलवत. बसलीही नाही.

"मामा, माझा घरमालक खोली रिकामी करायला सांगतोय. परदेशी लोकांना दिवसावर देणार, डॉलरमध्ये. तीस तारखेपर्यंत मुदत आहे. इस्पितळापासून दोन चौक सोडून एक जागा बघितलीय. जामीन लागतो. राहशील?"

मी नेहमीप्रमाणे चौकशी सुरू केली. किल्मेसला आईकडे का जात नाही, तिथं तीन खोल्या आहेत. ती म्हणाली की सकाळी सहाची पाळी असते, आणि पहिल्या बसनं आलं तरी सात वाजतात. मागच्या महिन्यात दोनदा उशीर झाला. तिसऱ्यांदा झाला तर अतिदक्षता विभागातून काढून कुठंतरी फाइली लावायला बसवतील. त्या विभागात यायला तिला सहा वर्षं लागली होती. हे सगळं तिनं रडगाणं न लावता सांगितलं. मग माझ्या स्वयंपाकघराकडे बघून म्हणाली की मामा, तुझा नळ गळतोय.

मला ती आवडते. आमच्या घराण्यात माझ्याशिवाय तुच्छतेनं बघता येणारी ती एकटीच आहे. म्हणूनच तिच्यात खोट काढणं अवघड होतं. मग मी ठरवलं की तिच्यात नको, जागेत काढू. म्हणालो, जागा आधी मी बघणार. माझी खात्री होती की या शहरात भाड्यानं मिळणाऱ्या कोणत्याही जागेत मी पाच मिनिटांत दहा ठिकाणी खोट काढू शकतो, आणि ती म्हणेल, बरोबर आहे मामा, नकोच ही जागा. सगळ्यांची अब्रू शाबूत.

बुधवारी तीन वाजता गेलो. जिन्यावर रांग होती, तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत. चाळीसेक माणसं, प्रत्येकाच्या छातीशी प्लास्टिकची फाइल, आणि चेहऱ्यावर पहिल्यांदा सासरी निघालेल्या जावयाचं हसू. एकजण मुलाखतीला यावं तसा टाय बांधून आला होता. एका बाईनं कुत्रा खाली शेजारणीकडे ठेवला होता, आणि तो भुंकला की ती खोकायची. मला त्या सगळ्यांचा इतका तिटकारा आला की मी रांग ओलांडून सरळ वर गेलो. कोणी अडवलं नाही. इथं म्हाताऱ्याच्या कोटाला लोक अजून घाबरतात.

दलाल लिसान्द्रो नावाचा होता. पँट पोटरीला चिकटलेली, पायात मोजे नाहीत. तो प्रत्येक खोलीला 'वातावरण' म्हणत होता. दोन वातावरणं, उजेडाचं वातावरण. ज्याला तो झोपायची खोली म्हणत होता तिथं पलंग टाकला असता तर कपाटाचं दार उघडायला पलंगावर उभं राहावं लागलं असतं. स्वयंपाकघराचं दार फ्रिजला अडत होतं. आणि मधोमध खुर्ची टाकून मालकीण बसली होती, सेन्योरा इतुराल्दे, केसांना जांभळट रंग, हातात वही. ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होती: घरात तळण करता का? सगळे शपथेवर सांगत होते की नाही, आम्ही फक्त उकडून खातो. चाळीस माणसं, आणि एकाच्याही घरात मिलानेसा, पावाचा चुरा लावलेला मांसाचा काप, तळली जात नाही म्हणे.

आयेलेनला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तळते. खिडकी उघडून तळते."

मी माझ्या कामाला लागलो. छत्रीच्या टोकानं भिंत ठोकली आणि मोठ्यानं म्हणालो की आत ओल आहे, वरून परवा रंग मारलाय. नळ सोडून दाखवला की गरम पाणी यायला किती वेळ लागतो. न्हाणीघराची फरशी उलट्या उताराची आहे, पाणी दाराकडे येणार, हे सांगितलं. लिसान्द्रोला विचारलं की हे घर आहे की कोटाचं कपाट. तो कसनुसा हसला. मग मी सेन्योरा इतुराल्देंकडे वळून म्हणालो, "बाई, हे असं घर भाड्यानं द्यायला लाज वाटत नसेल, तर निदान भाडं सांगताना तरी आवाज खाली आणा."

जिन्यावरची कुजबुज थांबली. सेन्योरा इतुराल्देंनी वही मिटली. वाटलं, झालं काम. तर त्या म्हणाल्या, "तुमचं स्वतःचं घर आहे ना?"

म्हणालो, आहे, बोएदोत.

"बघूनच कळलं. असं भाडेकरू बोलत नाही, मालकच बोलतो." मग दलालाला म्हणाल्या, "या मुलीला दे. हिच्यामागे असा माणूस आहे म्हटल्यावर मला काळजी नाही. ओलही तेच काढून घेतील."

आयुष्यात पहिल्यांदा माझी जीभ माझ्यावरच उलटली. लिसान्द्रोनं माझ्या हातात एक कागद दिला. शुक्रवारी बारापर्यंत जामीनदाराच्या घराचा नोंदणी क्रमांक द्यायचा. तो उतारा काढणार, आणि चार वाजता नोटरीकडे सह्या. नाहीतर जागा रांगेतल्या पुढच्याला. आयेलेन खाली रस्त्यावर आली आणि तिनं माझ्या दंडाला धरून थोडं हलवलं. ती तेवढंच करते, गळ्यात पडणं वगैरे तिला जमत नाही. म्हणाली की मामा, तू भयंकर माणूस आहेस. मग बस पकडायला पळाली.

घरी येऊन मी माझं साठेखत काढलं आणि वाचलं. का वाचलं कुणास ठाऊक. त्यातल्या स्वल्पविरामासकट ते मला पाठ आहे.

गुरुवारी ती पाळी संपवून आली. डोळे लाल, पायात इस्पितळाचे पांढरे बूट तसेच. मी निकाल तयार ठेवला होता. जुनीच पद्धत: तिनं मालकिणीला तळते असं सांगायला नको होतं, जी बाई घर मिळवण्यापुरतंही जिभेला आवर घालत नाही ती पुढे मालकिणीशी भांडेल, आणि निस्तरावं मला लागेल. मी सुरुवात केली, "आयेलेन, काल तू जे बोललीस ना..."

"मामा, थांब." ती भिंतीला टेकली होती. "सही द्यायची नसेल तर नाही म्हण. तुझा हक्क आहे. पण कारण देऊ नकोस. मला सगळ्यांची कारणं माहीत आहेत, आई जेवताना सांगते. मला नुसतं हो नाहीतर नाही पाहिजे."

कारण काढून घेतल्यावर माझ्याकडे काय उरतं? तीस वर्षं मी कारणांवर जगलो होतो. तिच्यासमोर मी मालकाच्या खुर्चीत बसलो होतो आणि माझ्याजवळ द्यायला सहीही नव्हती आणि नकारही नव्हता. म्हणालो, "उद्या चार वाजता सही होईल." कोणाची ते सांगितलं नाही. ती मान डोलावून घरी झोपायला गेली.

कोणाची, ते मला ठाऊक होतं. जुन्या कचेरीतला एक कारकून अजून माझ्याशी बोलतो. त्यानं तीन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं की तुमच्याच आडनावाचं एक खरेदीखत झालं, फाब्रिसियो बोनफांती, पार्के पात्रिसिओस, म्हणजे रस्त्याच्या अलीकडे, एक खोली आणि मोरी. फाब्रिसियो त्यानंतर दहा-बारा रविवार माझ्या टेबलावर बसून गेला आणि त्यानं चकार शब्द काढला नव्हता. मी मनात म्हणालो होतो, बघा, आणखी एक अर्धवट, घर घेतो आणि सांगायची हिंमत नाही.

तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याचं वर्कशॉप रेल्वेपुलाखाली आहे. मी कधीच गेलो नव्हतो, शुक्रवारी सकाळी गेलो. मला दारात बघून त्यानं हात पुसले आणि एकुलतं एक स्टूल पुढे केलं. सकाळचं माते, आमचा नळीनं प्यायचा पाल्याचा चहा, चालू होतं, त्यानं ते भरून माझ्या हातात दिलं. मी बसलो नाही.

म्हणालो, "तुझ्या घराचं मला कळलंय."

त्याचा चेहरा उतरला. चोरी पकडली गेल्यासारखा तो सांगायला लागला की काका, लपवायचं नव्हतं, पण घर झालं म्हटल्यावर सगळे येणार, जामीन राहा म्हणणार, आणि मला कोणाला नाही म्हणता येत नाही. "तुम्हाला जमतं ते. तुम्हाला माणसाची पारख आहे."

यापेक्षा त्यानं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मी त्याच्याकडे न बघता, भिंतीवर टांगलेल्या साखळ्यांकडे बघत सगळं सांगितलं. साठेखत, व्हिल्याफान्ये, मेलेली कंपनी. आवाज जितका कोरडा ठेवता येईल तितका ठेवला. मग आयेलेनचं सांगितलं, बाराची आणि चारची वेळ सांगितली, आणि म्हणालो की जामीन राहशील का. हे शब्द मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले होते. बोलायला किती वेळ लागतो ते मला माहीत नव्हतं.

तो मी परत केलेलं माते ढवळत बसला. ढवळायचं नसतं, ढवळलं की कडू होतं, हे त्यालाही माहीत आहे.

"म्हणजे तेव्हा," तो म्हणाला, "मी इंजिनियर असतो तरी तुम्ही सही केली नसती."

"करता आली नसती."

"मी परत कोर्सला गेलो होतो, काका. चार वर्षं. पूर्ण इंजिनियरिंग नाही जमलं, लिफ्टचा केला. दिवसभर काम, मग वर्ग. सर्टिफिकेट मिळालं त्या रविवारी तुमच्याकडे घेऊन आलो होतो. खिशात होतं, घडी करून. तुम्ही म्हणालात की आज पाव शिळे आणलेत."

मला तो रविवार आठवला नाही. तेच वाईट होतं. पाव शिळे आहेत असं मी इतक्यांदा म्हटलंय, की त्यातल्या एका वेळी त्याच्या खिशात चार वर्षं होती हे मला कसं आठवणार? तिथं त्या साखळ्यांसमोर मला लाज वाटली. सरळ सांगतो, दुसरा शब्द नाही त्याला. आणि सगळ्यात लाजिरवाणं हे, की त्यानं तो कोर्स माझ्यासारख्या माणसाला दाखवायला केला होता.

मी म्हणालो, तुला नाही म्हणायचं असेल तर म्हण. तो म्हणाला, "आयेलेननं काय वाईट केलंय माझं?" आणि ड्रॉवरमधून नोंदणी क्रमांकाचा कागद काढून दिला. त्यावर तेलाचा अंगठा उमटला.

चार वाजता नोटरीकडे मी आधी जाऊन बसलो. आयेलेन आली, तिच्यामागून फाब्रिसियो, इस्त्रीच्या शर्टात. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. तिला बाकावर बसवून मी म्हणालो, "जामीन हा राहतोय. माझं घर माझ्या नावावर नाही."

"कधीपासून?"

"कधीच नव्हतं."

ती म्हणाली, "आई तीस वर्षं दोन बस बदलून पातेलं घेऊन येते, मामा. मांडीला चटका बसतो तिला. खाली फडकं घेते."

एवढंच म्हणाली. आत आमची हाक झाली. नोटरी तरुण होता, पण पेन तसंच, टोपण सोनेरी. त्यानं कागद मोठ्यानं वाचला, सेन्योरा इतुराल्दे डोळे मिटून ऐकत होत्या. मधेच त्यांनी डोळे उघडून विचारलं की जामीन ते गृहस्थ नाहीत का, बुधवारचे. लिसान्द्रो म्हणाला की नाही, हे चुलत की मामे, काय असतं ते, भाऊ. उतारा स्वच्छ आहे. सेन्योरा इतुराल्देंनी फाब्रिसियोच्या नखांकडे बघितलं आणि नाक मुरडलं. मी तोंड उघडणार होतो. एरवी त्या बाईची मी पाच मिनिटांत सालटी काढली असती. पण आयेलेनचा हात कागदावर होता, आणि मी तोंड मिटलं. फाब्रिसियोनं सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. मग आयेलेननं केली. चाव्या तिच्या हातात पडल्या, तीन होत्या, एक कशाची ते दलालालाही माहीत नव्हतं.

बाहेर आल्यावर आम्ही तिघं पानगळीच्या झाडाखाली उभे राहिलो. आयेलेनची पहाटे पाळी होती, तिची बस यायची होती. फाब्रिसियोनं विचारलं की काका, तुमच्या कागदाचं आता काहीच होण्यासारखं नाही का. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. मी ती नीट शोधली.

म्हणालो की होतं. वीस वर्षं एका घरात राहिलेला माणूस कोर्टात जाऊन ते नावावर करून मागू शकतो. कर भरल्याच्या पावत्या लागतात, त्या आहेत. आणि साक्षीदार लागतात, चार-पाच.

"मग इतकी वर्षं का नाही गेलात?"

"साक्ष द्या म्हणून कोणाच्या तरी दारात जावं लागलं असतं. तुमच्याच."

"साक्षीत काय सांगायचं असतं?" आयेलेननं विचारलं.

मी चोवीस वर्षांच्या सवयीनं सांगून टाकलं. कायद्याचे शब्द असे आहेत की हा माणूस त्या घरात पाहुणा म्हणून नव्हे, भाडेकरू म्हणून नव्हे, तर मालक म्हणून राहिला, उघडपणे, सगळ्यांसमोर, आणि सगळे त्याला मालक मानत होते.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. फाब्रिसियो म्हणाला, "एवढंच ना? काका, तारीख सांगा. तुम्ही परत पाठवलेले आम्ही सातही जण येऊ."

आयेलेन हसली. तोही हसला, आणि मी त्या दोघांमध्ये उभा राहून काहीतरी झोंबेल असं बोलायला शोधत राहिलो. बस आली, ती चढली, आणि तोवर मला एकही शब्द सापडला नव्हता.